चिंक्वे तेर्रे: गाइडसोबत सात दिवसांची पायी सहल, आराखडा तपासून हवा आहे

सांजवारा

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या भागात (मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रियोमाज्जोरे) सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पायी सहलीला जायचं ठरतंय. चौघं आहोत, वयं ५४ ते ६३. सगळ्यांना सह्याद्रीत चालायची सवय आहे. एकाचा गुडघा चढाला साथ देतो, पण लांब उतारावर दुखतो. दोघं शाकाहारी, त्यातल्या एकाला अंडंही चालत नाही.

सहल कंपनीनं पाठवलेला आराखडा असा:

दिवस १: लेवांतोला पोहोचणं.
दिवस २: लेवांतो ते मोंतेरोस्सो, ८ किमी.
दिवस ३: मोंतेरोस्सो–वेर्नात्सा–कोर्निल्या, ७.५ किमी, सुरुवात सकाळी १०.३०.
दिवस ४: कोर्निल्या–वोलास्त्रा–मानारोला, ६ किमी, संध्याकाळी वाइनची चव.
दिवस ५: मानारोलाहून 'विया देल्लामोरे'नं रियोमाज्जोरे, १ किमी, बाकी वेळ मोकळा.
दिवस ६: रियोमाज्जोरे ते पोर्तोवेनेरे, १३ किमी.
दिवस ७: परत.

मुक्काम तीन गावांत (लेवांतो, मोंतेरोस्सो, रियोमाज्जोरे). गटात जास्तीत जास्त १६ जण आणि एक गाइड. शेरा 'सोपी ते मध्यम'.

प्रश्न: हा शेरा खरा मानायचा का? गाइडची गरज आहे का, की वाट आपली आपण सापडते? गुडघ्यासाठी कुठे काय बदलावं? जेवणाचं काय? द्राक्षमळे नुसते लांबून दिसतात की आतून चालायला मिळतात?

---

कडेकपारी

आराखडा वाईट नाही, पण किलोमीटरवरून काही कळत नाही. या किनाऱ्यावर सपाट असं जवळजवळ नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो, गावं ओढ्यांच्या मुखाशी. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे समुद्रसपाटीपासून दीडदोनशे मीटर चढायचं आणि पुन्हा तेवढंच उतरायचं. तेही बहुतेक दगडी पायऱ्यांनी, आणि पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. कंपनीला अंतर विचारू नका. रोजचा एकूण चढ किती मीटर, एकूण उतार किती मीटर, हे लेखी मागा. देता येत नसेल तर आराखडा नकाशावर बसून केलाय असं समजा.

वेळेचा अंदाज घरी बसून काढता येतो. सपाटीला तासाला ४ किमी धरा, दर ३०० मीटर चढाला एक तास वाढवा, आणि पायऱ्यांच्या उतारालाही चढाच्या निम्मा वेळ द्या. फलकांवर लिहिलेली वेळ न थांबता चालणाऱ्याची असते. गटात ती दीडपट होते.

आता एकेक दिवस.

लेवांतो–मोंतेरोस्सो. चांगली सुरुवात. किल्ल्याच्या बाजूनं वर चढत पुंता मेस्को या भूशिरापर्यंत वाट जाते, उंची ३०० मीटरच्या आसपास. सावली भरपूर, गर्दी कमी, ट्रेकिंग कार्ड (काही वाटांसाठीचा सशुल्क पास) लागत नाही. टोकाजवळ सांत आंतोनिओच्या जुन्या मठाचे अवशेष आहेत आणि तिथून पाचही गावांचा किनारा एका ओळीत दिसतो. अवघड भाग त्यानंतरचा: मोंतेरोस्सोकडचा उतार तीव्र आहे, दगडावर बारीक वाळू बसलेली असते, पाय सटकतो. साडेतीन तास धरा. गुडघ्याला पहिला ताण इथेच पडणार, म्हणून दोन काठ्या पहिल्या दिवसापासूनच हव्यात.

मोंतेरोस्सो–वेर्नात्सा–कोर्निल्या. इथे १०.३० ही वेळ चूक आहे. हा किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. सकाळी डोंगराची सावली वाटेवर असते, दुपारी ऊन सरळ अंगावर. शिवाय ला स्पेत्सिया बंदरात क्रूझ जहाजं लागतात आणि त्यांतली माणसं दहाअकराच्या सुमारास या वाटेवर येतात. वाट जागोजागी इतकी अरुंद आहे की समोरून कुणी आलं तर एकानं डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहावं लागतं. मग सोळा जणांचा गट तिथेच खोळंबतो. सकाळी ८ ला पाय वाटेला लागलेच पाहिजेत. मुक्काम मोंतेरोस्सोतच असेल तर उशिरा निघायला काही कारण नाही. एक लक्षात ठेवा: स्टेशन नव्या वस्तीत (फेजीना) आहे, वाट जुन्या गावाच्या टोकापासून सुटते. मधल्या बोगद्यातून जाण्यासाठी पंधरा मिनिटं वेगळी धरा.

पहिला टप्पा सुमारे ३.५ किमी. सुरुवातीलाच शेकडो पायऱ्या आणि १८० मीटरच्या आसपास चढ, मग ओढे ओलांडत वरखाली. वेर्नात्सात पूर्ण खाली उतरायचं आणि पुन्हा प्रेवो वस्तीपर्यंत साधारण २०० मीटर चढायचं. म्हणजे एकाच दिवशी दोनदा समुद्रापासून सुरुवात. मधल्या थांब्यासह सहा तास. गर्दीच्या ठराविक दिवशी मोंतेरोस्सो–वेर्नात्सा वाट सकाळी एकेरी असते, तुमची दिशा त्याला धरूनच आहे.

कोर्निल्या. पाचांतलं हे एकच गाव समुद्रालगत नाही, सुमारे १०० मीटर उंच कड्यावर आहे. स्टेशन खाली. दोघांना जोडणारा 'लार्दारिना' जिना ३३ टप्प्यांचा, पायऱ्या पावणेचारशेच्या वर. पुण्याच्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या जवळपास पावणेचार वेळा उतरल्यासारखं. वेर्नात्साकडून चालत आलात तर थेट वरच पोहोचता, म्हणून चढायचा प्रश्न येत नाही. पण मोंतेरोस्सोच्या मुक्कामी परतायला स्टेशनवर उतरावं लागेल, आणि दिवसभराच्या चालीनंतर दुखऱ्या गुडघ्याला तो जिना नको. गाव ते स्टेशन छोटी बस आहे. ट्रेकिंग कार्डात ती धरलेली असते.

कोर्निल्या–वोलास्त्रा–मानारोला. किनाऱ्यालगतची कोर्निल्या–मानारोला वाट दरडींमुळे बरीच वर्षं बंद आहे. म्हणून वरून जायचं. वाट क्रमांक ५८७ आणि ५८६ नं वोलास्त्रापर्यंत, तिथून ५०६ नं मानारोलात. झाडीतून चांगला खडा चढ, मग डोंगराच्या कुशीनं जवळजवळ सपाट वाट, सरळ द्राक्षमळ्यांच्या मधून. पूर्ण सहलीतला माझ्या मते सर्वांत देखणा तास हा आहे, म्हणून त्याला घाई करू नका. वोलास्त्रा ३३० मीटरवर. तिथून मानारोला म्हणजे नुसत्या पायऱ्यांचा उतार. इथे गुडघेवाल्यानं वोलास्त्राहून बस पकडावी. दिशा बदलू नका. चढ पायांनी आणि उतार बसनं, हेच त्यांच्या सोयीचं आहे.

विया देल्लामोरे. सप्टेंबर २०१२ मध्ये दरड कोसळून काही पर्यटक जखमी झाले आणि ही वाट बंद झाली. २०२४ च्या उन्हाळ्यात दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. जेमतेम ९०० मीटर, सपाट. पण आता वेळ राखून ठेवावी लागते, आणि पर्यटकांना प्रवेश रियोमाज्जोरेच्या बाजूनं आहे. तुमच्या आराखड्यात दिशा उलटी लिहिलीय. कंपनीनं अलीकडे कागद तपासलेला दिसत नाही. वेळेचं आरक्षण सहलीच्या पैशांत आहे का, हेही विचारा.

रियोमाज्जोरे–पोर्तोवेनेरे. ही वाट 'सोपी ते मध्यम' या शेऱ्यात बसत नाही. गावातून निघून मोंतेनेरोच्या देवळापर्यंत (सुमारे ३४० मीटर), तिथून कोल्ले देल तेलेग्राफो खिंडीत, ५१३ मीटर. पुढे दाट झाडी, कांपील्या गाव, मग मुत्सेरोनेचे चुनखडीचे कडे, आणि शेवटी पोर्तोवेनेरेच्या किल्ल्यालगत लांब उतार. थांबे धरून सात तास. कांपील्याच्या पुढे खडक बदलतो. आधीचा वालुकाश्म खरखरीत असतो, हा चुनखडक माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला आहे आणि ओला झाला की त्यावर बूट धरत नाही. पाय सर्वांत थकलेले असताना ही जागा येते. गुडघा दुखत असेल तर त्या दिवशी रियोमाज्जोरेहून बोटीनं पोर्तोवेनेरेला जा आणि गटाला सान पिएत्रोच्या चर्चपाशी भेटा. बोट समुद्र खवळला की सुटत नाही. तसं झालं तर ट्रेननं ला स्पेत्सिया आणि तिथून बस.

---

पायपीट

वरच्या बहुतेक गोष्टी पटतात. गाइडबद्दल आणि मुक्कामाबद्दल थोडं.

वाट सापडण्यासाठी गाइड लागत नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्या दगडांवर, भिंतींवर रंगवलेल्या असतात, फलक स्पष्ट आहेत, आणि पाचही गावांत रेल्वे स्टेशन आहे. ला स्पेत्सिया ते लेवांतो मार्गावर हंगामात थोड्या थोड्या वेळानं गाड्या असतात आणि दोन गावांत चारपाच मिनिटांचं अंतर. चुकण्याची भीती हे गाइड घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

कारण दोन. एक म्हणजे सकाळी निर्णय घेणारा माणूस. सप्टेंबरच्या अखेरीस भूमध्य समुद्र अजून कोमट असतो आणि पहिली थंड हवा वरून आली की या उभ्या डोंगरांवर थोड्या तासांत प्रचंड पाऊस पडतो. २५ ऑक्टोबर २०११ ला मोंतेरोस्सो आणि वेर्नात्सात असाच पाऊस झाला, ओढ्यांनी चिखल-दगड आणले आणि वेर्नात्साची मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत बुजली. त्या गल्ल्या मुळात ओढ्यावर स्लॅब टाकून केलेल्या आहेत, हे तिथे उभं राहिलं तरी डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच प्रशासन पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. नारिंगी किंवा लाल असला की वाटा बंद होतात. चांगला गाइड आदल्या संध्याकाळी इशारा पाहून दुसऱ्या दिवसाचा बेत मांडतो. कंपनीला नेमकं विचारा: 'वाट बंद असेल त्या दिवशी काय करणार?' 'मोकळा दिवस' असं उत्तर आलं तर तुम्ही पैसे देऊन स्वतःच फिरणार आहात.

साध्या पावसासाठी चांगला पर्याय लेवांतोतच आहे. लेवांतो–बोनास्सोला–फ्रामुरा हा जुन्या रेल्वेमार्गावरचा चालण्या-सायकलींचा रस्ता, सुमारे ५.५ किमी, सपाट, बराचसा बोगद्यांतून. बोगद्यात गारवा असतो, पातळ जाकीट लागेल. लाल इशाऱ्याच्या दिवशी मात्र तिथेही जाऊ नका, हॉटेलात थांबा.

दुसरं कारण मळे. त्यावर कुणी जाणकारानं लिहावं.

गाइडची पात्रता विचारा. इटलीत डोंगरवाटांवर गट नेणाऱ्यांत 'गुइदा आम्बिएन्ताले एस्कुर्सिओनिस्तिका' हा वेगळा प्रकार आहे. शहरात संग्रहालयं दाखवणारा गाइड वेगळा. सोळा जणांना एकच गाइड ही माझ्या मते या वाटेसाठी जास्त संख्या आहे. पुढचा माणूस आणि शेवटचा माणूस यांत वळणं आणि दीडदोनशे मीटर अंतर पडतं, आणि मागचा घसरला तर पुढे कळायला वेळ लागतो. दहाबारा ठीक. सोळाच असतील तर मागे चालणारा दुसरा माणूस हवा.

मुक्काम तीन गावांत नको. एकच ठेवा, लेवांतोत. गावांत मोटार जात नाही. सामान स्टेशनपासून खोलीपर्यंत पायऱ्यांवरून उचलावं लागतं, आणि रियोमाज्जोरेत खोली बहुधा तिसऱ्याचौथ्या मजल्यावर, अरुंद जिन्याची. लेवांतो सपाट आहे, मोठं आहे, औषधाचं दुकान, किराणा सगळं आहे, आणि ट्रेननं मोंतेरोस्सो पाच मिनिटांवर.

---

कडेकपारी

मुक्कामाच्या बाबतीत माझं मत वेगळं. लेवांतोत राहिलं की सकाळी आठला वाटेवर उभं राहण्यासाठी सातच्या गाडीची धावपळ, आणि संध्याकाळची गावं हातची जातात. सहाच्या पुढे दिवसाचे प्रवासी परततात आणि वेर्नात्साच्या धक्क्यावर गावातली माणसं बसायला येतात. ते पाहायला राहायलाच हवं. मधला मार्ग: दोनच मुक्काम, लेवांतो तीन रात्री आणि रियोमाज्जोरे किंवा मानारोला तीन रात्री. सामान पोहोचवायची जबाबदारी कंपनीची, आणि 'खोलीच्या दारापर्यंत' हे शब्द लेखी. 'गावापर्यंत' लिहिलं असेल तर पायऱ्या तुमच्याच वाट्याला येतात.

---

मांडव

द्राक्षमळ्यांचं सांगतो.

इथले मळे म्हणजे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती. प्रत्येक पायरी एका गडग्यावर उभी आहे. कोकणातला गडगा डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याऐवजी वालुकाश्म आणि आवार राखण्याऐवजी माती धरून ठेवण्याचं काम. चुना नाही, सिमेंट नाही. खाली मोठे दगड, प्रत्येक दगड किंचित आत कललेला, आणि पाठीमागे बारीक दगडांची भर. पावसाचं पाणी त्या भरीतून झिरपून दगडांच्या फटींतून बाहेर पडतं. फटी सिमेंटनं बुजवल्या तर पाणी मागे तुंबतं आणि आख्खा गडगा कोसळतो. म्हणून 'पक्की' दुरुस्ती इथे घातक ठरते. हे रचण्याचं कसब २०१८ मध्ये युनेस्कोनं इटलीसह आठ देशांचा अमूर्त वारसा म्हणून नोंदवलं. हा सगळा प्रदेश १९९७ पासूनच जागतिक वारसा यादीत आहे, राष्ट्रीय उद्यान १९९९ चं.

चालताना एक गोष्ट जवळून पाहा: गडग्याला पोट सुटलंय का. मधला भाग बाहेर फुगलेला, वरचा थर पुढे झुकलेला, फटींतून बारीक माती गळतेय, तर आतली भर गाळानं बुजली आहे. असा गडगा एखाद्या जोरदार पावसाचाच सोबती. शेत पडीक झालं की हे फार लवकर होतं, कारण दर हिवाळ्यात सुटलेले दगड परत बसवणारं कुणी नसतं. रानडुकरंही मुळं-किडे उकरताना वरचे दगड पाडतात. एक पायरी सुटली की तिची माती खालच्या पायरीवर येते, ती तिच्या खालच्या. खालच्या वाटांवर येणाऱ्या दरडींचं मूळ पुष्कळदा वरच्या पडीक मळ्यात असतं. म्हणून कृपा करून गडग्यावर बसू नका, फोटोसाठी त्यावर चढू नका, आणि समोरच्याला वाट देताना कडेच्या दगडावर पाय टाकू नका. नेहमी डोंगराच्या बाजूला सरका.

वेलींबद्दल. नाशिक-सांगलीकडचा मांडव डोक्याच्या वर असतो, माणूस खाली उभा राहून विरळणी करतो. इथे मांडव कमरेएवढा किंवा त्याहूनही खाली, कारण समुद्रावरून येणारा खारा वारा उंच वेल झोडपतो. माणसाला वाकून, कधी गुडघ्यांवर सरकत काम करावं लागतं. जाती मुख्यतः तीन, सगळ्या पांढऱ्या: बोस्को, आल्बारोला, वेर्मेंतिनो. उतारावर दिसणारा एकच दातेरी रूळ म्हणजे मळ्यातली छोटी मोनोरेल. इंजिन लावलेली बैठक आणि मागे क्रेट ठेवायचा ट्रॉला. द्राक्षं त्यावरून वर रस्त्यापर्यंत येतात. रुळावर पाय ठेवू नका, त्यावरून चालू नका. कुणी हात दाखवून थांबायला सांगितलं तर थांबा, भरलेला ट्रॉला उतारावर चटकन थांबत नाही.

तुमचा काळ नेमका चांगला आहे. तोडणी सप्टेंबरात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात काही मळे संपलेले, काही चालू. 'शाक्केत्रा' ही इथली गोड वाइन याच द्राक्षांची, पण तोडल्यावर लगेच चिरडत नाहीत. निवडक घड जाळ्यांवर पसरून हवेशीर सावलीत सुकवतात, आणि १ नोव्हेंबरच्या आधी रस काढायचा नाही असा नियम आहे. तासगावची बेदाण्याची शेड पाहिली असेल तर सुकवण्याचं तत्त्व ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की बेदाणा पुरता सुकवतात आणि हे घड अर्ध्यावर थांबवतात. १०० किलो द्राक्षांतून २५-३० लिटरच्या आसपास वाइन मिळते. अर्ध्या लिटरहून लहान बाटलीची किंमत इतकी का, ते यातून कळतं. सप्टेंबरअखेर सुकवणीच्या जाळ्या भरलेल्या असतात. कंपनीला सांगा, चव घ्यायच्या आधी सुकवणीची खोली दाखवा. सडका मणी हातानं काढून टाकायचं काम रोज चालतं, कारण एक बुरशीचा मणी शेजारच्या घडाला लागतो. मानारोलाच्या वर ग्रोप्पो इथे शेतकऱ्यांचं सहकारी वाइनघर आहे, वोलास्त्राच्या वाटेपासून जवळ. आणि चव घेणं पायऱ्या उतरून झाल्यावर ठेवा. साधी पांढरी वाइनही उन्हात चालून आलेल्याला लगेच चढते.

आणखी एक: ऑलिव्हच्या झाडांखाली नारिंगी किंवा पांढऱ्या जाळ्या गुंडाळून किंवा पसरून ठेवलेल्या असतात. त्यावर पाय पडला की घसरतो, काठीचं टोक अडकतं. जाळी शेतकऱ्याची आहे, वळसा घाला.

---

शिदोरी

जेवणाचं. लिगुरिया शाकाहाऱ्यांना इटलीतल्या पुष्कळ भागांपेक्षा सोपा आहे, पण तीन जागी चूक होते.

पहिली: आंचोवी. मोंतेरोस्सोच्या खारवलेल्या आंचोवी प्रसिद्ध आहेत आणि ही मासळी इथे मीठ घालावं तशी सॉसमध्ये, भाजीत, फोकाच्चा या चपट्या पावावर घातली जाते. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा अच्चूगे' असं तीनदा वेगवेगळं सांगा: मांस, मासे, आंचोवी नको.

दुसरी: चीज. पेस्तोत (बेसिलच्या पानांचा वाटलेला सॉस) पार्मिज्यानो आणि पेकोरिनो ही चीज असतात आणि पार्मिज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध घट्ट करणारं द्रव्य) विरजतात. पेकोरिनोलाही प्राण्यांचंच रेनेट लागतं. कडक पाळणाऱ्यानं हे जाणूनच ठरवावं. चीज नसलेला पेस्तो ताजा वाटला जात असेल तरच मिळतो. लसूण मात्र असतोच.

तिसरी: अंडं. भाज्यांचे 'तोर्ता' (सारण भरून भाजलेले पदार्थ) दिसायला निव्वळ पालेभाजीचे, आत बहुधा अंडं. पान्सोत्ती या भरलेल्या पास्त्याच्या सारणातही असू शकतं. त्रोफिये हा पीळ दिलेला छोटा पास्ता पीठ आणि पाण्याचा, बटाटा आणि फरसबीसोबत पेस्तोत येतो. तरी ताजा पास्ता असेल तिथे 'सेन्त्सा उओवा' विचारा.

नि:शंक खाण्यासारखं म्हणजे फारिनाता. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. पीठ काही तास भिजवून, वरचा फेस काढून, मोठ्या थाळ्यात पातळ ओतून भट्टीत भाजतात. वरून कुरकुरीत, आतून मऊ. आपल्या धिरड्याची जाड बहीण. गरमच खा, गार झाली की चामट होते. शिदोरीला फोकाच्चा, टोमॅटो, फळं. फोकाच्चा साधी घ्या, ऑलिव्ह तेल आणि मिठाची.

सकाळचा नाश्ता हॉटेलात गोड असतो, क्रोसाँसारखं काहीतरी आणि कॉफी. अंडं न खाणाऱ्याला त्यावर चार तास चढ जमणार नाही. आदल्या संध्याकाळी किराणा दुकानातून दही, सुकामेवा, केळी आणून ठेवा. घरून दाण्याची चिक्की, भाजलेले चणे नेले तर उत्तम.

पाणी: माणशी दीड लिटर भरून निघा. गावांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, पण मोंतेरोस्सो–वेर्नात्सा टप्प्यावर मध्ये भरवशाचं काही नाही. तेलेग्राफोच्या दिवशी दोन लिटर.

---

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीला चढ-उताराचे मीटर, आठची सुरुवात, विया देल्लामोरेची दिशा आणि दोन मुक्काम असं पत्र लिहितोय. अजून दोन शंका. बूट कोणते, घोट्यापर्यंतचे की साधे? आणि इथून तयारी काय करावी? हातात तीन महिने आहेत.

---

कडेकपारी

बूट: घोट्याखालचे चालतील, पण तळ खोल खाचांचा हवा आणि पुढून अर्धा आकडा सैल, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. नवे असतील तर किमान ५० किमी चालून मगच न्या. चपला, फ्लिप-फ्लॉप घालून या वाटांवर जाण्याला उद्यानात मनाई आहे आणि दंड ५० युरोपासून सुरू होतो. काठ्यांच्या टोकांना रबरी टोपण लावा. उघडं धातूचं टोक दगडी पायरीवर सटकतं आणि गडग्याचे दगड उकरतं. एक जादा जोडी टोपणं घ्या, पायऱ्यांवर ती आठवड्यात झिजतात.

तयारीत उताराला जास्त वेळ द्या. चढणं सह्याद्रीत होतंच. इथे मांड्यांना त्रास होतो तो सलग पायऱ्या उतरताना, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतो, नेमका दोनदा उतरायचा दिवस. आठवड्यातून दोनदा पायऱ्या: पहिल्या महिन्यात १५ मजले चढून-उतरून, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ३५. उतरताना पाऊल आदळायचं नाही, मोजून टेकवायचं. रविवारी सिंहगड आतकरवाडीच्या बाजूनं, पाठीवर ४ किलो घेऊन. पुढे पुढे लागोपाठ दोन दिवस करा, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या पायांची आहे. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात फक्त सपाट चाल. दुखऱ्या गुडघ्याचा पट्टा आता डॉक्टरांना दाखवून घ्या आणि इथेच वापरून पाहा.

---

पायपीट

राहिलेली कागदी कामं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, हंगामात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, तेव्हा आजच पाहा. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पॉलिसीत 'ट्रेकिंग' वगळलेलं नाही ना आणि उंचीची मर्यादा किती, ते वाचा. तुम्ही कुठेही ६०० मीटरच्या वर जात नाही, हे विमावाल्याला सांगा.

ट्रेकिंग कार्ड मोंतेरोस्सो–वेर्नात्सा–कोर्निल्या टप्प्याला लागतं. ट्रेनसहित कार्ड वेगळं, दर दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलतात. ज्या दिवशी तुम्ही पोर्तोवेनेरेला जाणार त्या दिवशी कार्ड घेऊ नका, ती वाट मोफत आहे. कागदी ट्रेन तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय गाडीत चढू नका.

रेल्वेचा संप इटलीत आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या लोकल सुटतात. सहलीच्या आठवड्यात 'शोपेरो' (संप) हा शब्द स्टेशनवर दिसला तर त्या दिवशीची चाल या दोन वेळांत बसवा. आपत्कालीन क्रमांक ११२. तो लावायची वेळ आली तर वाटेचा क्रमांक आणि शेवटचा फलक कुठे पाहिला ते सांगा, म्हणून प्रत्येक फलकाचा फोटो काढत चला.

---

मांडव

एक राहिलं. तोडणी चालू असलेल्या मळ्यातून वाट जात असेल तर क्रेट घेऊन येणाऱ्याला आधी जाऊ द्या. त्याच्या खांद्यावर वीसेक किलो असतात आणि त्याला पाऊल ठेवायची जागा बघता येत नाही. घड तोडू नका, खाली पडलेलाही उचलू नका. 'बुओन जोर्नो' म्हणून बाजूला उभं राहिलं की बरेचदा तोच थांबून दोन मणी हातावर ठेवतो. बोस्कोची साल जाड असते, चावून पाहा. वाळवण्यासाठी हीच जात जास्त का घेतात, ते त्या सालीवरून समजतं: पातळ सालीचा मणी सुकायच्या आधी फुटतो.